एक दात, सहा वाजेपर्यंत

मुकादमाने बावीस वर्षं लोकांची घरं हलवली होती आणि त्यात एकही कप फुटला नव्हता. हे तो स्वतःहून कधी सांगायचा नाही; विषय कुठलाही निघाला तरी तो तिथे आपोआप पोचायचा, एवढंच. पावसाचा विषय निघाला, तर भर पावसात सात खोल्यांचं घर हलवलं आणि एकही उशी दमट झाली नाही, इथे. कुणाच्या संसाराचा निघाला, तर काडीमोड घेतलेल्या एका जोडप्याचं सामान एकाच दिवशी दोन दिशांना पोचवलं आणि दोघांनाही आपल्यालाच जास्त मिळालं असं वाटलं, इथे. कंपनीत त्याच्या हाताखाली सहा माणसं आणि एक ट्रक होता. ती सहा माणसं त्याला मुकादम म्हणायची, मग घरचेही म्हणायला लागले. बायको तेवढी 'अहो' म्हणायची, पण चिडली की तिच्याही तोंडून मुकादमच यायचं.

कामाची त्याची एक ठरलेली रीत होती. कुठलाही माल ताब्यात घेण्याआधी यादी करायची आणि प्रत्येक वस्तूची आजची अवस्था लिहायची. 'कपाट, एक. उजव्या दारावर जुना ओरखडा.' खाली मालकाची सही. नव्या घरी सामान उतरलं की तीच यादी, तीच अवस्था, दुसरी सही. या दोन सह्यांच्या मध्ये जे घडेल त्याला मुकादम जबाबदार.

या रविवारी सकाळी त्याने ताईच्या दारात उभं राहून ज्या मालाची यादी केली, तो माल सहा वर्षांचा होता आणि एका पायावर उड्या मारत होता.

"हिला जरा स्थिर धर," तो ताईला म्हणाला. "गुडघा बघायचाय."

ती ताईची मुलगी. जन्मली तेव्हा नाक एवढंसं आणि गोल, म्हणून तिला सगळे बटण म्हणत. मामा-मामीबरोबर आणि त्यांच्या दोन पोरांबरोबर ती बागेत सहलीला निघाली होती. इतर घरांत ही साधी गोष्ट असते. ताईच्या घरात नव्हती, कारण ताईने आजवर बटणाला कुणाहीबरोबर कुठेही पाठवलेलं नव्हतं. ताई परीक्षांना पर्यवेक्षक म्हणून उभी राहायची आणि तिच्या वर्गात डोकं खाजवायलाही मुलं हात वर करून परवानगी मागायची. त्या दिवशी तिची अकरा ते चार परीक्षा होती, म्हणून नाइलाजाने तिने भावाला हो म्हटलं होतं.

आणि त्यात नेमका बटणाचा दात हलत होता.

हा काही साधासुधा दात नव्हता. बटणाचा पहिला पडणारा दात होता. ताईकडे एक जाड वही होती आणि तिच्यात बटणाचं पहिलं सगळं होतं. पहिलं कापलेलं नख चिकटपट्टीखाली. पहिल्या तापाचा आकडा, दशांशासह. बटणाचे वडील बोटीवर इंजिनिअर. ते वर्षातले आठ महिने पाण्यावर असत आणि बटणाचं पहिलं काहीही घडलं की नेमके नसत. पहिला शब्द त्यांना पत्राने कळला. पहिलं पाऊल पडलं तेव्हा ते दोन समुद्रांच्या मध्ये कुठेतरी होते. पण आज संध्याकाळी सहाला त्यांची बोट बंदराला लागणार होती, तिथे फोन लागणार होता आणि ताईने त्यांना शब्द दिला होता: दात तुमच्या डोळ्यांदेखत पडेल. टेबलावर रेशमी दोरा कापून ठेवलेला होता. फोन उभा करायला पुस्तकांची चळतही रचून झाली होती.

"मी तुला एकच सांगते," ताई म्हणाली. "सहा वाजेपर्यंत तो दात हिच्या तोंडात पाहिजे."

"ताई, मी माशांचं टाकं माशांसकट चौथ्या मजल्यावरून उतरवलंय."

"माशांना दात असतात का?"

"एकाला होते," मुकादम म्हणाला आणि लिहू लागला. 'भाची, एक. डाव्या गुडघ्यावर जुनं खरचटलेलं. उजव्या बुटाची नाडी मूळची नाही. दात, वरचा, पुढचा, डावा: सैल.'

ताईने यादी दोनदा वाचली. 'सैल'च्या पुढे स्वतःच्या हाताने 'पण जागेवर' असं लिहिलं आणि मग सही केली.

मुकादमाची बायको बालवाडीत शिकवायची. तिने गाडीत बसल्या बसल्या मागे वळून बटणाच्या तोंडात बघितलं आणि म्हणाली, "हा? आमच्याकडे आठवड्याला चार पडतात. एक तर माझ्या चहात पडला होता."

"तुझा चहा वेगळा," मुकादम म्हणाला. "हा ताईचा दात आहे."

खाण्याची तयारी त्याने आदल्या दिवशीच स्वतःच्या देखरेखीखाली करून घेतली होती. सफरचंदं बाद. बिस्किटं बाद. शेंगदाणे तर घराबाहेर काढले. उरलं ते असं: कडा काढलेला पाव, उकडून कुस्करलेले बटाटे, केळी आणि तीन रंगांची जेली.

"पण आमचे दात घट्ट आहेत," थोरली म्हणाली. ती नऊ वर्षांची होती आणि मोठेपणी वकील होणार असं सगळे म्हणायचे, कौतुकाने नव्हे. "आम्ही कुणाच्या पापाने हे खायचं?"

"एकाच गाडीत वेगवेगळा माल भरताना सगळ्यात नाजूक वस्तूप्रमाणे भरायचं असतं."

"म्हणजे आम्ही कपाटं."

"तू कपाट. हा ढोल," मुकादम धाकट्याकडे बघून म्हणाला. धाकटा चार वर्षांचा होता. त्याला घरात भोंगा म्हणत. त्याने ते लगेच सिद्ध करून दाखवलं.

तो आवाज ओसरल्यावर मुकादमाने आरशातून बटणाला नियम सांगितले. "ऐक हं. आज चावायचं नाही. घास जिभेवर ठेवायचा आणि गिळायचा."

"आणि घासात काही कडक लागलं तर?"

"कडक लागणारच नाही."

"पण लागलं तर, मामा?"

"तर मुळीच चावायचं नाही. सरळ गिळून टाकायचं."

"बरं," बटण म्हणाली. ती अतिशय आज्ञाधारक मुलगी होती. आईच पर्यवेक्षक म्हटल्यावर दुसरं काही होण्याची सोय नव्हती.

रस्त्यात अकरा गतिरोधक होते. मुकादमाने प्रत्येकावरून गाडी अशी नेली की जणू खालचा रस्ता झोपलाय आणि त्याला उठवायचं नाही. सातव्या गतिरोधकावर त्यांना एक बाबागाडी ढकलणारी बाई मागे टाकून गेली. जाताना तिने काचेतून आत बघितलं, कुणी आजारी आहे का म्हणून.

बाग मोठी होती. मधोमध हिरवळ, कडेला झोपाळे, घसरगुंडी, एक कारंजं आणि फाटकापाशी नियमांचा भलामोठा फलक. मुकादमाने झाडाखाली सतरंजी टाकली आणि खेळायच्या जागेची पाहणी करून आला. आल्यावर त्याने निकाल सांगितला. झोपाळा नाही, कारण परत येताना झटका बसतो. सी-सॉ नाही, कारण समोर कोण बसेल सांगता येत नाही. घसरगुंडी चालेल, पण हनुवटीला हात लावून आणि तोंड मिटून.

बटण हनुवटीला हात लावून घसरगुंडीवरून खाली आली. विचार करत करत घसरल्यासारखी दिसत होती. खाली पोचल्यावर मात्र तिला इतकी मजा वाटली की ती तोंड उघडून किंचाळली. दात वाऱ्यावर पडद्यासारखा हलला.

फ्रिज हलवताना प्रवासात दार उघडू नये म्हणून त्याला पट्टा बांधतात. हे मुकादमाला झोपेतही माहीत होतं. त्याने बायकोच्या गळ्यातला स्कार्फ मागितला, बटणाच्या हनुवटीखालून घेतला, दोन्ही गालांवरून वर नेला आणि डोक्यावर गाठ मारली. गाठीची दोन टोकं सशाच्या कानांसारखी उभी राहिली.

"दुखतंय?"

बटणाने मान हलवली. बोलता येत नव्हतं, पण तिला ते रूप फार आवडलेलं दिसत होतं.

ते धाकट्यालाही आवडलं. त्याने त्याच्या ठेवणीतला सूर लावला. कारंज्यावरची कबुतरं उडाली. शेवटी मुकादमाने त्याच्याही जबड्याला हातरुमाल बांधला, आणि एकदम शांतता पसरली. ती इतकी सुखाची होती की बायको म्हणाली, "अहो, हे आपल्याला चार वर्षांपूर्वी कसं नाही सुचलं?"

मग थोरलीने सांगितलं की दोघांना एक न्याय आणि तिला दुसरा हे चालणार नाही. तिलाही टेबलपुसणं बांधावं लागलं.

अशी ती तीन मुलं, गाल बांधलेली, डोक्यावर कान फुटलेली, सतरंजीवर ओळीने बसून कुस्करलेले बटाटे हळूहळू गिळू लागली. पलीकडच्या सतरंजीवरच्या बाईने त्यांच्याकडे बघितलं. मग नवऱ्याकडे बघितलं. मग ती ताटल्या आवरायला लागली.

पाच मिनिटांत त्यांच्या डावीकडची दोन कुटुंबं उठली. उजवीकडचं एक उठलं, ते तर अर्धा केक तिथेच टाकून. एका आजोबांनी नातवाला उचलून काखेत मारलं आणि मागे न बघता चालू पडले. जिथे पाय ठेवायला जागा नव्हती त्या हिरवळीवर आता एकटी त्यांची सतरंजी होती.

"लोक किती समजूतदार असतात बघ," मुकादम म्हणाला. "लहान मुलं बघितली की जागा देतात."

"अहो," बायको म्हणाली, "त्यांना वाटतंय आपल्या पोरांना गालगुंड झालंय."

तेवढ्यात बागेचा रखवालदार आलाच. तो दहा पावलांवर थांबला, शिट्टी वाजवली, आणि ऐकू जाईल एवढ्या अंतरावरूनही ओरडून म्हणाला, "साहेब! ही साथ बागेत चालणार नाही!"

"कुठली साथ?"

"मला नाव घ्यायला लावू नका. फलकावर कुत्री लिहिलीत, सायकली लिहिल्यात, फुलं तोडणं लिहिलंय. गालगुंड लिहिलेलं नाही, पण ते लिहायला लागू नये अशी लोकांकडून अपेक्षा असते!"

"अहो, गालगुंड नाही. दात हलतोय हिचा."

"तिघांचाही?"

"एकीचाच. बाकीचे दोघे सोबत म्हणून."

रखवालदार एकेक पाऊल मोजत जवळ आला. "सोडून दाखवा," तो म्हणाला.

मुकादमाने बटणाचा स्कार्फ सोडला. रखवालदार वाकला. बटणाने आ केला आणि दात जिभेने पुढे-मागे करून दाखवला, जसं एखाद्याने नवं दार उघडझाप करून दाखवावं. रखवालदाराने शिट्टी खिशात टाकली, वळला आणि सगळ्या बागेला ओरडून सांगितलं, "घाबरू नका! दातच आहे!"

इथून पुढे सगळं बिघडत गेलं. साथीला लोक घाबरतात, पण हलणाऱ्या दाताजवळ आल्याशिवाय त्यांना राहवत नाही. बघता बघता उठून गेलेली कुटुंबं परत आली आणि येताना सल्ले घेऊन आली. केक टाकून गेलेला बाप म्हणाला, मिरपूड हुंगवा, एका शिंकेत काम होतं. आजोबा म्हणाले, दोरा आणि दार. रखवालदार म्हणाला, मी हिच्या मागे जाऊन अचानक शिट्टी वाजवतो, ती दचकेल, दात बाहेर. एक निवृत्त न्हावी तर बाह्या वर करूनच आला होता. त्याचं म्हणणं, त्याच्या बापाने याच दोन बोटांनी अख्ख्या गल्लीचे दात काढले.

"याच म्हणजे? ही बोटं तुमची आहेत ना?" मुकादमाने विचारलं.

"पद्धत तीच."

"हे बघा, हा दात पाडायचा नाहीये," मुकादम बटणाच्या पुढे हात पसरून उभा राहिला. पियानो जिन्यातून उतरवताना तो तसाच उभा राहायचा.

लोकांना हे पटेना. "पाडायचा नाही?" आजोबा म्हणाले. "मग सैल कशाला ठेवलाय?"

"सहा वाजता पाडायचाय. वेळ ठरलीय."

"दाताची वेळ कोण ठरवतं?"

"माझी बहीण."

गर्दीत दोन तट पडले. काहींचं म्हणणं पडलं की आईचा शब्द तो शब्द, दात राहिला पाहिजे. न्हाव्याच्या बाजूचे म्हणाले की असा लोंबकळता दात ठेवणं म्हणजे पोरीवर अन्याय. केकवाला मधल्या मार्गाचा होता. त्याला दात अर्धाच काढून बघायचा होता. मुकादम सगळ्यांशी एकटाच लढत राहिला. तेवढ्या वेळात मागे बायकोने तिन्ही मुलांना जेली वाढली, कारण घड्याळात तीन वाजत आले होते आणि भुकेल्या धाकट्याला रुमालाने किती वेळ आवरणार याचा तिला अनुभवाने अंदाज होता. बटणाने लाल जेली खाल्ली, मग हिरवी, मग पिवळी. नियमाप्रमाणे, जिभेवर ठेवून, गिळून.

तीनला मुकादमाची दर तासाची तपासणी होती. त्याने गर्दीला गप्प केलं, खिशातली छोटी बॅटरी काढली आणि म्हणाला, "बटणे, आ कर. बघा सगळ्यांनी. बघा कसा शाबूत आहे."

बटणाने आ केला. सगळे वाकले.

वर, पुढे, डावीकडे एक छान चौकोनी खिडकी होती.

"मी हात लावलेला नाही," न्हावी म्हणाला आणि दोन्ही बोटं खिशात घातली.

बावीस वर्षं, हजारो कप, आणि एक दात. ताईने सहा वर्षांत पहिल्यांदा पोर कुणाच्या हाती दिली होती. बोटीवरचा बाप अजून तीन तासांनी फोनसमोर बसणार होता. मुकादमाला आपलं लग्न लागताना जेवढी भीती वाटली नव्हती तेवढी आता वाटली. पण हात मात्र सवयीने कामाला लागले. त्याने सतरंजीभोवती दोरी बांधून चौकोन आखले. गर्दीतल्या प्रत्येकाला एकेक चौकोन दिला. "कुणी पाय हलवायचा नाही. गुडघ्यावर बसा. गवताचं एकेक पातं बाजूला करून बघा. काय सापडेल ते माझ्याकडे."

आणि गंमत म्हणजे सगळे खरंच बसले. दोन्ही तट एक झाले. वीस-बावीस मोठी माणसं हिरवळीवर रांगत होती, आणि त्यांची मुलं झोपाळ्यांवरून त्यांना नीट वागायला सांगत होती. मुकादम यादी करत होता. 'केसांची पिन, एक. बुद्धिबळातलं प्यादं, काळं, एक. किल्ली, एक,' ती रखवालदाराची निघाली, दोन वर्षांपूर्वी हरवलेली, आणि तो तिथेच गवतात बसून हुंदके द्यायला लागला, कारण तिच्या पायी त्याला बाग आतापर्यंत भिंत चढून उघडावी लागत होती.

मग आजोबा ओरडले, "सापडला!"

सगळे धावले. आजोबांच्या तळव्यावर दात होता. पण तो मोठा होता, पिवळा होता आणि त्यात चांदी भरलेली होती. मुकादमाने तो वर धरून विचारलं, "कुणाचा?" कुणी पुढे आलं नाही. पण बरेचजण तोंड मिटून जिभेने आत मोजत असल्याचं दिसलं. न्हाव्याला तर पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागलं.

थोरली इतका वेळ हाताची घडी घालून हे बघत होती. आता तिने स्वतःच्या जबड्याचं टेबलपुसणं सोडलं आणि म्हणाली, "साक्षीदाराला कुणी विचारलंय का?"

"कुठला साक्षीदार?"

"जिचा दात आहे ती."

मुकादम बटणासमोर गुडघ्यावर बसला. "बाळा, दात कधी पडला? आठवतंय?"

"पडला?" बटणाने तोंडात बोट घातलं, खिडकी चाचपली आणि तिचे डोळे चमकले. "मामा! पडला!"

"हो, पण कुठे? खेळताना? खाताना?"

बटण आठवू लागली. "पिवळ्या जेलीत एक खडा होता."

"मी चावला नाही," ती अभिमानाने म्हणाली. "तुम्ही सांगितलं होतं ना. सरळ गिळून टाकला."

बायकोने नेहमीच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. डॉक्टरीणबाई इतक्या हसल्या की बायकोला फोन कानापासून लांब धरावा लागला, आणि उरलेला सल्ला सगळ्या हिरवळीने ऐकला. दुधाचा दात आहे, काही होत नाही, दोन-तीन दिवसांत आपला आपण येईल बाहेर. पोट दुखलं तरच फोन करा. आणि मला पुन्हा फोन केलात तरी चालेल, दिवस चांगला जाईल.

परतीच्या वाटेवर मुकादम पुन्हा अकराही गतिरोधकांवरून मुंगीच्या पावलाने गेला.

"आता कशाला हळू?" बायको म्हणाली. "गेला ना दात."

"गेला कुठे? माल अजून गाडीतच आहे."

"बाबा," थोरली मागून म्हणाली, "तो चांदीवाला दात मी आणलाय. तोच देऊन टाकू."

"सहा वर्षांच्या मुलीच्या तोंडातून चांदी भरलेला दात?"

"आत्याला सांगू की लहानपणापासून काळजी घेतली."

"माल बदलून द्यायचा नाही," मुकादम म्हणाला. आवाज बारीक झाला होता, पण ठाम होता. "टाक तो खिडकीतून." मग पुढच्या वळणावर त्याने गाडी कडेला लावली, यादी काढली आणि बराच वेळ पेनाचं टोपण चावत बसला. अखेर एक ओळ लिहिली. लिहून झाल्यावर तिच्याकडे बघून त्याला पहिल्यांदाच थोडा धीर आला. त्यात खोटं काहीच नव्हतं.

ताई दारातच उभी होती. आत टेबलावर पुस्तकांच्या चळतीला टेकून फोन उभा होता, शेजारी दोरा सरळ करून ठेवलेला होता. सहाला दहा मिनिटं कमी होती.

"आ कर," ताई म्हणाली.

बटणाने केला. ताईने आत बघितलं.

"कुठाय?"

मुकादमाने यादी पुढे केली. ताईने मोठ्याने वाचलं. "'दात, वरचा, पुढचा, डावा: जागा बदलली. माल पूर्ण.' जागा बदलली म्हणजे काय?"

बटणाने फ्रॉक वर केला आणि पोटावर बोट ठेवलं. "इथे."

त्याच वेळी टेबलावरचा फोन वाजला. दाजी दहा मिनिटं आधीच लागले होते, इस्त्रीचा शर्ट घालून, मागे बंदरातल्या क्रेन. त्यांना कुणी काही सांगायच्या आत बटणाने फोनसमोर जाऊन सगळं सांगून टाकलं: सशाचे कान, साथ, शिट्टी, रांगणारी माणसं, रडणारा रखवालदार, तीन रंगांची जेली, खडा आणि फोनवर हसणाऱ्या डॉक्टरीणबाई. दाजी मधेच हसायला लागले आणि फोन अडकला, त्यामुळे पडद्यावर ते बराच वेळ आ करून तसेच राहिले. त्यांचेही दोन दात नव्हते हे मुकादमाला त्या दिवशी कळलं.

ताई हसत नव्हती. ती भावाकडे वळली. "पडताना कुणी बघितला?"

"मी नाही. मी तेव्हा एका न्हाव्याशी भांडत होतो."

"मी जेली वाढत होते," बायको म्हणाली. "धाकट्याने माझा हात धरला होता."

"मी तर बटणाकडे बघतच नव्हते," थोरली म्हणाली. "न्हाव्याचा मुद्दा चांगला होता."

"आणि तू गं?" ताईने लेकीला विचारलं.

"मला वाटलं खडा आहे."

ताई खुर्चीत बसली. तिचा चेहरा हळूहळू सैल झाला. "म्हणजे अजून कुणीच बघितलेला नाही," ती स्वतःशीच म्हणाली. तिने जाड वही ओढली, 'पहिला दात' असा मथळा लिहिला, 'निघाला' समोर आजची तारीख घातली, आणि खाली 'पोचला' लिहून पुढची जागा मोकळी सोडली.

फोनमधले दाजी पुन्हा हलू लागले होते. "म्हणजे अजून व्हायचंय ना? मग मला दाखवा. बोट बुधवारपर्यंत इथेच आहे. सकाळी किती वाजता जाते ती साधारण?"

"तुम्ही गप्प बसा," ताई म्हणाली. "हे पहिलं तुम्ही नाही बघितलंत तरी चालेल."

मुकादमाच्या डोक्यावरचा डोंगर उतरला होता. त्याने यादीची घडी उलगडून बहिणीसमोर धरली, वर पेन ठेवलं. "ताई, मग सही करतेस?"

ताईने यादीवरून एकदा बोट फिरवलं. गुडघा, नाडी, दात. मग पेन त्याच्या खिशाला परत लावलं.

"माल हातात आल्याशिवाय पोचपावती देऊ नये. माझं घर हलवलंस तेव्हा तूच सांगत होतास."

"मग कधी?"

"डॉक्टरीण काय म्हणाली?"

"दोन-तीन दिवस."

"मंगळवारी सकाळी ये. सामान उतरवून, बघून, मोजून देणं हे तुमच्याच कामात येतं ना?"

"येतं," मुकादम म्हणाला. बावीस वर्षांत त्याने हे वाक्य इतक्या हळू आवाजात कधी म्हटलं नव्हतं.

"मग हातमोजे घेऊन ये," ताई म्हणाली आणि लेकीला रात्री काय खायला घालायचं ते बघायला आत गेली.